उबेला ठेवलेलं पिंप

कारखान्यात त्यांना सगळे पाणक्या म्हणत, साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत. घरी ते माझे भाऊजी, मोठ्या बहिणीचे यजमान. त्यामुळे तोंडावर मला तसं म्हणता येत नसे, पण पाठीमागे मीही म्हणायचो आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणायचो. माझा आवाजच तसा. मला तोफ म्हणत. मशीनच्या खडखडाटात चाळीस पावलांवरच्या माणसाला शिवी नीट ऐकू गेली पाहिजे अशी माझी नोकरी होती, आणि ती मी मनापासून केली. आता हे सगळं त्यांच्याबद्दल आहे, पण सांगतोय मी, तेव्हा अधूनमधून मी आडवा येणार. शेवटी तर येणारच.

लोकांना कागद दिसतो, त्यामागचं पाणी दिसत नाही. पातळ ताकासारखा लगदा जाळीवर ओतायचा, त्यातलं पाणी गाळून, दाबून, वाळवून काढायचं, आणि मागे जे उरतं तो कागद. जाळीखाली गळणारं ते दुधट पाणी आम्ही फेकत नव्हतो. खालच्या टाकीत जमवायचं, पुन्हा लगद्यात घालायचं, पुन्हा जाळीवर आणायचं. नदीत सोडायला बंदी आली तेव्हापासून तर तेच पाणी घाण्याच्या बैलासारखं गोल गोल फिरत होतं. आमचा कच्चा माल रद्दी. रद्दीत खळ, डिंक आणि कुणाकुणाच्या घरातलं काय काय. कोमट पाणी आणि त्यात खळ; डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांना आणखी काय पाहिजे? टाकीच्या भिंतींवर बुळबुळीत थर धरायचा. पुस्तकात त्याला काहीतरी भारदस्त नाव असेल, आम्ही शेंबूड म्हणायचो. त्याचा गोळा सुटून जाळीवर आला की कागदाला भोक पडायचं. भोक पडलं की धावता कागद टर्रकन फाटायचा, आमच्या भाषेत फुटायचा, आणि मशीन थांबायचं. मग तोफ डागली जायची आणि तिचं तोंड भाऊजींकडे असायचं.

एकोणिसाव्या वर्षी ते कारखान्यात लागले तेच टाकी खरवडायला. महिन्यातून एकदा मशीन बंद ठेवायचं, टाकी रिकामी करायची आणि लाकडी खरवडणी घेऊन आत उतरायचं. वर आलेल्या माणसाच्या शेजारी दोन दिवस कुणी बसत नसे. आमच्या घरी लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा आई हळूच म्हणाली, "मुलगा गुणी आहे गं, पण वास येतो." ताई म्हणाली, "घराला खिडकी आहे ना? मग झालं." ताईचं असं असतं. जास्त बोलत नाही, पण बोलली की विषय संपतो.

टाकीतून ते पाण्यावर आले. म्हणजे पाणी सांभाळायचं काम त्यांच्याकडे आलं. लॅबमध्ये काचेच्या नळ्या होत्या, यंत्रं होती, पण त्यांचा निकाल यायला दिवस जायचा. भाऊजी टाकीत उजव्या हाताची तीन बोटं बुडवायचे, अंगठ्याने चोळायचे आणि डोळे मिटायचे. सोनार सोनं पारखतो तेव्हा जसा थोडा वेळ सगळ्यांचा श्वास थांबतो, तसं व्हायचं. मग निकाल. पाणी चांगलं असलं तर "बरंय." शेंबूड धरायला लागला असला तर "चिकट." आणि काहीतरी बिनसलंय पण काय ते त्यांनाही कळलं नाही तर "रुसलंय." एवढे तीनच शब्द. रुसलंय म्हणाले की त्या पाळीत कागद फुटणार हे ठरलेलं. मी त्यांची टिंगल करायचो. "भाऊजी, पाण्याची समजूत काढा, नाहीतर ताईला बोलवू का?" ते हसायचे. पण रुसलंय म्हणाले की मी गुपचूप मशीनचा वेग थोडा कमी करायचो, हेही खरं.

शेंबूड मारायला एक औषध होतं. औषध कसलं, विषच. ते पाण्यात पडलं की किडे मरायचे. आठ दिवसांनी त्यांचे भाऊबंद यायचे, मग आणखी औषध. भाऊजींची बोटं दिवसातून वीस वेळा त्या पाण्यात. आधी कातडी सोलली, मग भेगा पडल्या, मग भेगांतून रक्त यायला लागलं. हातमोजे होते, पण हातमोजा घालून पाणी काय कळणार? ते म्हणायचे, "तोंडाला फडकं बांधून चव घेता येते का?"

माझी भाची तेव्हा सात वर्षांची होती. तिची वेणी रोज सकाळी भाऊजी घालायचे, हा त्या घराचा नियम. ताईला घाई असायची, भाऊजींना वेणी जमायची. एके दिवशी तिचे केस त्यांच्या बोटांच्या भेगांत अडकायला लागले. एक बट ओढली गेली आणि पोर कळवळली. "बाबा, तुमचे हात टोचतात." पोर ती, बोलून गेली आणि विसरलीही. भाऊजींनी कंगवा ताईच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन बसले. त्या घरात मी तेव्हा चहा पीत होतो, म्हणून मला माहीत.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "ते औषध सोडा, नाहीतर पाणी सोडा. असंच चाललं तर बोटांतली जाणीव जाईल." साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने मोजणी खात्यात जागा देऊ केली. बसून कागद मोजायचे, गठ्ठे बांधायचे, हाताला पाणी नाही. ताई म्हणाली घ्या. मी म्हणालो घ्या. भाऊजी म्हणाले, "चोवीस वर्षं पाणी बघतोय. दुसरं येतं काय मला?" त्यांच्या बोलण्यात हट्ट नव्हता. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं.

मार्ग काढला लॅबवाल्या बाईंनी. त्या नव्या होत्या, वाचणाऱ्या होत्या, आणि भाऊजींच्या बोटांवर त्यांचा आमच्यापेक्षा जास्त विश्वास होता. त्यांनी एक तपकिरी बाटली मागवली. आत एन्झाइम. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणतात म्हणे. आमच्या तोंडी एन्झाइमच बसलं. भाऊजी चार दिवस बाईंकडून ते समजून घेत होते आणि पाचव्या दिवशी मला समजावायला लागले. "हे किड्याला मारत नाही रे. किडा भिंतीला चिकटून राहायला स्वतःभोवती डिंक करतो ना, तो डिंक हे कापतं. डिंक सुटला की किडा पाण्याबरोबर वाहून जातो. कुणाचा जीव नाही घ्यायचा, फक्त बिऱ्हाड उठवायचं."

मी म्हणालो, "भाऊजी, शेंबडाला रुमाल शोधला म्हणा की!"

त्यांनी घरीच करून बघितलं. टाकीचं पाणी दोन बादल्यांत भरून आणलं, मोरीत ठेवलं, एका बादलीत बाटलीतले थेंब टाकले. तीन दिवस ताईने नाकाला पदर लावून स्वयंपाक केला. चौथ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो, तर हे दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन माझ्या दारात उभे. अर्धं पाणी गल्लीत सांडलेलं. शेजारचा शिंपी दुकान उघडायचं सोडून बघत राहिला. "बोट घाल," म्हणाले. मी म्हणालो, मी मशीनवरचा माणूस, मी पाण्यात बोटं घालत नसतो. आयुष्यात घातली नव्हती, तेव्हाही घातली नाही. मग त्यांनी स्वतःच आधी एका बादलीत आणि मग दुसरीत हात घातला. हे चिकट, हे बरंय. हे चिकट, हे बरंय. असं चार-पाच वेळा केलं आणि एकदम त्यांचे डोळे भरून आले. मी तोंडात ब्रश धरून उभा.

साहेबाने वीस दिवसांची चाचणी कबूल केली. विषारी औषध बंद ठेवायचं, फक्त एन्झाइम. वीस दिवसांत कागद फुटायचा कमी झाला तर औषध कायमचं बंद. नाही झाला तर पुन्हा औषध, आणि एन्झाइमचं नाव काढायचं नाही. साठ लिटरचं एक निळं पिंप आलं. भाऊजींनी ते मागच्या भिंतीपाशी, फुटक्या खिडकीखाली ठेवलं, जिथे बाहेरचा वारा थेट आत येतो. मला वाटलं, तिथेच जागा मोकळी होती म्हणून ठेवलं असेल. पिंपावर चिठ्ठी होती, बारीक अक्षरांत. ती वाचायला मला चष्मा लागला असता, आणि तोफेला चष्मा शोभत नाही असं मला त्या काळी वाटायचं.

पहिले आठ दिवस सोन्याचे होते. कागद दिवसाला सात-आठ वेळा फुटायचा तो दोनदा, मग एकदा, आणि आठव्या दिवशी एकदाही नाही. मी पाळीभर स्टुलावर बसून होतो, बसून बसून पाठ धरली. भाऊजी टाकीपाशी गेले की गाणं गुणगुणायचे. आवाज इतका वाईट की पाण्यानेच रुसावं, पण मी काही बोललो नाही.

नवव्या दिवशी त्यांचा डावा हात सुजला. जुन्या भेगेत पू झाला होता. डॉक्टरांनी भेग उघडून पू काढला, दोन्ही हातांना पट्ट्या बांधल्या आणि चार दिवस घरी बसायला सांगितलं. जाताना मला बजावून गेले, "रोज सकाळी पिंपातून मापाने दोन भांडी काढून पंपाच्या डब्यात ओत. बाकी काही करू नकोस." एवढंच म्हणाले. का करू नकोस, ते मी विचारलं नाही.

त्याच रात्री थंडी पडली. सकाळी पाळीवर आलो तर फुटक्या खिडकीतून सुरीसारखा वारा येत होता, आणि भिंतीपाशीच ठेवलेली राळेची दोन पिंपं गोठून दगड झाली होती. आता आमच्याकडची रीत ऐका. कागदावर शाई फुटू नये म्हणून घालायची राळ, वरून द्यायची खळ, मेण, सगळं थंडीत घट्ट होतं. म्हणून थंडी आली की सगळी पिंपं ड्रायरच्या मागे न्यायची. तिथे वाफेने तापलेले लोखंडी ड्रायर फिरत असतात, हात लावला तर कातडी जाईल इतकी धग. वर्षानुवर्षं हेच करत आलो. आमच्या बापजाद्यांनी एन्झाइम बघितलं होतं कुठे?

मी त्या निळ्या पिंपाकडे बघितलं. मनात आलं, भाऊजींचं औषध गारठून बसलं तर बिचाऱ्यांची सगळी मेहनत पाण्यात जायची. ते तिकडे हात बांधून पडलेत, आपण नाही बघायचं तर कुणी बघायचं? देवाशपथ, एवढंच मनात होतं. पिंप काठावर तिरकं केलं आणि फिरवत फिरवत ड्रायरच्या मागे नेलं. पार आतल्या कोपऱ्यात ठेवलं, सगळ्यांत उबदार जागी. तिथे आधीच वीस पिंपं असायची, त्यांत एक निळं जास्त कुणाच्या नजरेत भरणार? दोन भांडी मापाने काढली, डब्यात ओतली आणि कामाला लागलो. दिवसभर मला आपण काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी कागद दोनदा फुटला. तिसऱ्या दिवशी पाचदा. चौथ्या दिवशी एका पाळीत अकरा वेळा फुटला, आणि टाकीच्या काठावर शेंबडाचे पडदे लोंबायला लागले. विष तर बंदच होतं, त्यामुळे किड्यांना रान मोकळं. लॅबवाल्या बाई धावत खाली आल्या. "एन्झाइम मेलेलं दिसतंय. पिंपाला उष्णता तर लागली नाही ना? कोमट पाण्यात ते काम करतं, पण पिंपात दिवसेंदिवस शेकलं तर मरतं. कुठंय पिंप?"

मी म्हणालो, "जिथे होतं तिथेच." तोंडातून गेलं. बाई पंपाच्या डब्यातला नमुना घेऊन वर पळाल्या.

खोटं बोललो होतो, आता ते खरं करणं भाग होतं. मी पिंप पुन्हा तिरकं केलं, पुन्हा फिरवत नेलं आणि फुटक्या खिडकीखाली त्याच जागी ठेवलं. तासाभराने भाऊजी आले. कुणीतरी घरी निरोप पाठवला होता, ते पट्ट्या बांधलेल्या हातांनी तसेच उठून आले. टाकी बघितली. मग सरळ पिंपाकडे गेले. हातांना पट्ट्या, म्हणून वाकले आणि त्यांनी पिंपाला गाल लावला, पोराचा ताप बघावा तसा. बाहेरून बोचरा वारा येतोय, आणि ते पिंपाला गाल लावून किती तरी वेळ वाकलेले. मग उठले. इकडेतिकडे बघितलं. मी मशीनपाशी उभा राहून कुणावर तरी ओरडत होतो, उगीचच.

बाईंच्या नमुन्यावरून एन्झाइम मेलं एवढंच कळलं, कशाने ते नाही. साहेबाने चाचणी थांबवली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पिंप आपल्याकडे बिघडलं असेल तर आपली चूक, दुसरं मागवतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. पण मालच आठ दिवसांत मरणारा असेल तर हा नाद पुरे. उद्या दहापर्यंत मला सांगा."

म्हणजे एका वाक्याचं काम होतं. कुणीतरी एक वाक्य बोलायचं, आणि दुसरं पिंप येणार, विष बंद राहणार, भाऊजींची बोटं वाचणार. ते कुणीतरी म्हणजे मी.

संध्याकाळी ताईने मला जेवायला बोलावलं. तिच्या घरात दोनच खोल्या, जमिनीवर ताटं. ताई भाऊजींना घास भरवत होती, भाची अभ्यास सोडून बापाकडे बघत होती. भाऊजी ताटाकडे बघत म्हणाले, "कुणीतरी पिंप उबेला नेलं असणार. वाईट बुद्धीने नाही. आपल्याकडे सगळं तिथेच नेतात, कुणीही नेलं असतं. मीही नेलं असतं, बाईंनी सांगितलं नसतं तर." ताईने पुढचा घास भरवला. "त्याने उद्या सांगितलं तर साहेब काही करणार नाही त्याला."

ताईने विचारलं, "कोण असेल?"

मी म्हणालो, "भाऊजी, जेवा. भात निवतोय."

माझ्या बाजूने सांगण्यासारखं एकच आहे, आणि ते सांगायलाही लाज वाटते. त्या महिन्यात फोरमनची जागा भरायची होती आणि माझं नाव वर होतं. पण नुसतं तेवढंच नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी एका माणसाने माझ्या मशीनजवळची शिडी न विचारता हलवली म्हणून मी त्याला आठ दिवस घरी बसवायला लावलं होतं. सगळ्यांसमोर गरजलो होतो की माझ्या मशीनवर माझ्या परवानगीशिवाय टाचणी हलणार नाही. आता मीच पिंप हलवलं, मीच परत ठेवलं आणि मीच खोटं बोललो, हे कुठल्या तोंडाने सांगू? रात्रभर घोकलं. सकाळी सांगायचं ठरवूनच गेलो होतो.

दहा वाजता साहेबाच्या खोलीत साहेब, भाऊजी आणि मी, तिघेच. साहेबाने मला विचारलं, "पिंप कुणी हलवलं होतं का?"

मी म्हणालो, "साहेब, माझ्या मशीनवर माझ्या परवानगीशिवाय वस्तू हलत नाही."

बघा, शब्द एकही खोटा नाही. साहेब भाऊजींकडे वळला. "तुम्हाला काय वाटतं?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. बस येते का म्हणून माणूस रस्त्याच्या टोकाकडे बघतो ना, तसं. तोफेला त्या दिवशी बत्ती लागली नाही. मग ते म्हणाले, "माल खराब निघाला असेल, साहेब."

पंधरा दिवसांनी मी फोरमन झालो. ताई आणि भाऊजी घरी आले, अभिनंदन करून गेले.

पुन्हा विष सुरू झालं. साहेबाने पुन्हा मोजणी खात्याचं विचारलं, भाऊजी पुन्हा नको म्हणाले. आणखी चार वर्षं त्यांनी त्या पाण्यात बोटं घातली. भेगा बुजल्या, त्यांवर जाड कातडी आली, गुळगुळीत आणि पिवळट. आम्हाला वाटलं बरे होताहेत. मग एके सकाळी ते टाकीपाशी उभे राहून बोटं चोळत राहिले, चोळत राहिले, आणि काहीच बोलले नाहीत. बरंय नाही, चिकट नाही, रुसलंयही नाही. त्या पाळीत कागद नऊ वेळा फुटला. मी वेग कमी केला नव्हता, कारण त्यांनी काही सांगितलंच नव्हतं. तेव्हा मला कळलं.

मोजणी खात्यातही त्यांना ठेवता आलं नाही. कागद मोजायला बोटांच्या टोकांनी एकेक ताव उचलावा लागतो. त्यांच्या हातात एक आला की तीन आले हे त्यांना समजायचं नाही. चौदा दिवसांत घरी बसले. घरी ताईचं एक नवीनच काम वाढलं. त्यांना गरम-गार कळेना, एकदा कढत चहाचा कप मुठीत धरून बसले आणि तळहाताला फोड आले. तेव्हापासून ताई कप आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची, मग म्हणायची, "कोमट आहे, घ्या."

मी निवृत्त व्हायच्या वर्षी नवा साहेब आला. त्याने बाहेर कुठेतरी बघितलेलं एन्झाइम आणलं, तीन महिन्यांत सगळं बसवलं. पिंपांसाठी गार खोली बांधली, दारावर ढब्बू अक्षरांत पाटी लावली. विष बंद झालं. टाकीला शेंबूड नाही. नवी पोरं पाण्यात हातसुद्धा घालत नाहीत, त्यांना गरजच नाही. शेवटच्या दिवशी मला हार घातला, घड्याळ दिलं. मी एक रिकामी बाटली घेतली, टाकीवर गेलो आणि पाणी भरून घेतलं.

तिथून थेट ताईच्या घरी गेलो. भाऊजी खिडकीपाशी बसले होते. भाची आता मोठी, केस आखूड कापलेले, कामावर गेलेली. मी पाणी वाटीत ओतलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. काय ते त्यांना वासावरूनच कळलं. हसले. तीन बोटं बुडवली, अंगठ्याने चोळली, डोळे मिटले. मी श्वास धरून बसलो. किती तरी वेळ गेला.

"कळत नाही रे," म्हणाले. "तूच सांग."

मग आयुष्यात पहिल्यांदा मी त्या पाण्यात बोटं घातली. चोळली. नुसतं पाणी होतं, स्वच्छ, बोटावर बोट नीट अडत होतं. मला रडू फुटलं. तोफ फुटली म्हणा हवं तर. "बरंय," म्हणालो. "भाऊजी, बरंय. आणि ते पिंप मी नेलं होतं. त्या वेळी. मी नेलं आणि मीच परत ठेवलं."

"ठाऊक आहे. कोमट होतं ना."

"मग साहेबासमोर बोलला का नाहीत?"

त्यांनी वाटी बाजूला सरकवली. "ते मी बोलायचं नव्हतं. तू बोलायचं होतं. जेवताना वाट बघितली, साहेबाच्या खोलीत बघितली. नंतरही वर्षभर बघत होतो, विष सुरू असलं तरी. तेव्हासुद्धा बोलला असतास तर उपयोग होता रे." आणि मग इतकं हळू म्हणाले की मला वाकून ऐकावं लागलं, "आज काय करू मी त्याचं?"

मागे वळलो तर ताई दारात उभी होती, हातात चहाचे दोन कप. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. पंधरा-सोळा वर्षं तिने मला त्या घरात चहा पाजला, जेवायला वाढलं, माझ्या मुलांना कडेवर घेतलं. तिने एक कप खाली ठेवला. दुसरा, भाऊजींचा, त्यांना दिला नाही, माझ्या हातात दिला.

"बघ किती गरम आहे ते."

मी कप गालाला लावला. "गरम आहे."

"मग थांब. निवला की दे." आणि आत जाताना म्हणाली, "उद्यापासून सकाळचा चहा तू द्यायचास त्यांना. रोज."

याला आता तीन वर्षं झाली. ताई माझ्याशी त्यानंतर बोललेली नाही. सातच्या सुमारास मी जातो, ओट्यावर कप भरून ठेवलेला असतो. तो उचलतो, गालाला लावतो, थांबतो, पुन्हा लावतो. घाई करत नाही. मग त्यांच्या दोन्ही हातांत नीट बसवून देतो आणि म्हणतो, "कोमट आहे, घ्या."

ते एक घोट घेतात. "बरंय," म्हणतात.